पहिली गोधडी शिवताना: जुनेर निवडण्यापासून ठिगळ लावण्यापर्यंत

गोधडीला टाका एकच लागतो, धावदोरा. बटण लावता येणाऱ्या कुणालाही तो घालता येतो. त्यामुळे नवीन माणूस दोन साड्या एकमेकींवर टाकतो आणि थेट सुई ओवून बसतो. पण गोधडी चांगली होणार की नाही, हे सुई हातात घेण्याआधी, जमिनीवर कापड अंथरतानाच ठरतं. कोणतं जुनेर घ्यायचं, कोणतं बाजूला ठेवायचं, किती थर लावायचे, पोटात काय घालायचं, ते सारखं ताणून कसं बसवायचं, एवढं जमलं की पुढची शिवण ही फक्त सवडीची गोष्ट राहते. म्हणून या लेखात कापडाबद्दल जास्त आहे, टाक्याबद्दल कमी.

मी हे काम कुणाजवळ बसून शिकलेले नाही. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घरात वाकळांची उतरंड होती, पण मी लग्न होऊन आले तोवर त्या शिवणाऱ्या बायकांची नजर आणि बोटं थकली होती. मग त्या वाकळांनाच विचारावं लागलं. तुमच्याकडंही शिकवणारं कुणी नसेल, तर सुरुवात तिथूनच करा.

आधी एक जुनी गोधडी उसवून बघा

घरातली सर्वांत फाटकी गोधडी मागून घ्या. मागूनच घ्या, कारण ती कुणाच्या तरी लुगड्याची असते. मी आत्याबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी आधी त्यातलं कोणतं कापड कुणाचं ते सांगितलं आणि मगच ती हातात दिली.

एका कोपऱ्यापासून हातभर लांब, हातभर रुंद एवढाच भाग उसवा. ब्लेड वापरू नका, कापड कापलं जातं. लहान कात्रीनं खालच्या बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापा आणि वरून दोरा ओढा. थर सुटे झाले की एकेक उचलून बघा.

मला दिसलं ते बहुतेक घरच्या वाकळांत दिसेल. वरचं आणि खालचं कापड मजबूत होतं. मधे विरलेलं, मऊ झालेलं धोतर आणि लहान लहान चिरगुटं होती. ही आतली चिरगुटं एकमेकांना शिवलेली नव्हती. कडेला कड भिडवून नुसती मांडलेली होती आणि वरून गेलेल्या धावदोऱ्यानं जागच्या जागी धरली गेली होती. कुठंही एकावर एक चढलेली नव्हती, कारण चढली की तिथं वळ उठतो आणि रात्रभर पाठीला लागतो. दोरा सर्वांत जास्त तुटला होता तो घडीच्या जागी आणि तोंडाकडच्या कडेला. तोंडाकडची कड हातानं रोज ओढली जाते, तिथंच तेलकटपणा बसतो, तीच जास्त चोळून धुतली जाते. पुढं मी शिवलेल्या प्रत्येक गोधडीला त्या कडेवर कापडाची एक पट्टी जास्तीची घातली.

अशा एका कोपऱ्यात जे कळतं, ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही असं मला मनापासून वाटतं.

जुनेर कसं पारखायचं

घरातलं जुनं कापड एका जागी काढा आणि तीन ढीग करा: वरखाली लावण्याजोगं, पोटात घालण्याजोगं, आणि गोधडीत न घेण्याजोगं.

पहिली पारख उजेडाची. कापड खिडकीसमोर धरा. सारखं दिसलं तर ठीक. मधेच जाळीसारखा उजेड झिरपत असेल तर ते विरलेलं आहे. दुसरी पारख हाताची. दोन्ही मुठींत वीतभर अंतरावर धरून एकदा उभं आणि एकदा आडवं ओढा. 'चर्र' आवाज आला तर ते वरच्या थराला चालणार नाही. पोटात मात्र चालेल, कारण तिथं त्याला दोन्हीकडून आधार असतो. साडी गुडघ्यापाशी आणि बसायच्या जागी आधी विरते, काठाजवळ आणि निऱ्यांच्या आतल्या भागात टिकून राहते. त्यामुळे पूर्ण साडी एकदम नाकारू नका. चांगला भाग कापून घ्या. जुन्या बायका लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून दोन्ही धड बाजू जोडत, त्याला दांड घालणं म्हणत. तीच रीत इथं कामाला येते.

तिसरी पारख सुताची. हल्लीच्या कपाटात खरं सुती कापड कमी आणि टेरिकॉट, पॉलिस्टर जास्त. कडेचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि चुलीपासून, कपड्यांपासून दूर एका थाळीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि राख बोटानं चुरली की भुकटी होते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि काळी कडक गोळी मागं ठेवतं. ती गोळी लगेच हातात घेऊ नका, चटका बसतो. दोन्ही मिसळलेलं असेल तर थोडी राख आणि थोडी गोळी, असं दिसतं.

ही पारख मी इतकी आग्रहानं सांगते, कारण मराठवाड्यात गोधडी फक्त थंडीची नसते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात ४० च्या वर जातो. तीच गोधडी हिवाळ्यात पांघरायची आणि उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात अंथरायची असते. सुती कापड घाम शोषून घेतं. पॉलिस्टर घाम टिपत नाही, अंगाला चिकटतं. शिवाय ते गुळगुळीत असल्यामुळे सुती थरावर सरकतं आणि नवख्या हाताला आवरत नाही.

ओटीत आलेले ब्लाउजपीस प्रत्येक घरात साठलेले असतात आणि नवीन माणसाला वाटतं, रंग छान आहेत, याच चौकोनांची गोधडी करू. त्यातले बहुतेक मिश्र धाग्याचे निघतात. जाळून बघा आणि सुती तेवढेच घ्या.

इरकल लुगडं मिळालं तर ते जपून वापरा. त्याचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि तो अंगाच्या धाग्यांना वेगळा जोडून विणलेला असतो. दोन्ही भाग धुतल्यावर वेगवेगळे वागतात. म्हणून पदर त्या जोडापाशी कापून घ्या. अंग मोठ्या थराला वापरा आणि पदराचे तुकडे चार कोपऱ्यांना वरून लावा. लाल पदराचे चार त्रिकोण कोपऱ्यात बसले की साधी गोधडीसुद्धा सणाची दिसते.

धोतर आणि पटका ही पोटात घालायला सर्वांत चांगली कापडं. हलकी, मऊ, कित्येक धुण्यांतून आटून झालेली. सुई त्यांतून विनासायास जाते. घरात कुणा आजोबांचं धोतर असेल तर ते पायपुसण्यात घालवू नका.

नको त्या ढिगात काय जाईल? जीन्स, कारण सुई जात नाही आणि वजन फार होतं. टी-शर्टचं विणकामाचं कापड, कारण ते ताणतं आणि थर वाकडे करतं. जरीचं काहीही, कारण जर अंगाला टोचते.

कापड नवीन विकत घ्यायचं असेल तर मांजरपाट किंवा खादी बघा. आपल्याकडं नांदेडला राष्ट्रध्वज तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, मराठवाड्याला खादी काही परकी नाही. फक्त नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते न धुता जुन्या साडीबरोबर शिवलं तर नवा थर आखडतो आणि जुना फुगतो.

निवडून झालं की सगळं धुवा, जुनंसुद्धा. खळ दिलेली साडी कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढा, खळीवर कसर लागते. लाल, गडद निळं, जांभळं कापड ओलं असताना पांढऱ्या फडक्यानं जोरात पुसून बघा. रंग लागला तर ते पुन्हा धुवा, तरीही लागत राहिलं तर वगळा. साडीचा फॉल उसवून काढा, तो बहुधा पॉलिस्टरचा असतो आणि आत राहिला तर कडेला वेगळा आखडतो. शर्टाची बटणं, कॉलर, खिसे, कफ कापून टाका. पोटात जाणाऱ्या साडीचे जाड काठही कापा, नाहीतर बोटाएवढा उंचवटा राहतो. कापलेले काठ मात्र टाकू नका, कडेच्या पट्टीला त्यांच्याएवढं मजबूत दुसरं काही नाही.

पहिली तीन कामं

एकदम मोठी गोधडी घेऊ नका. मी ज्या क्रमानं गेले तो क्रम मला आजही योग्य वाटतो.

पहिलं काम बसकर. दीड फूट बाय दीड फूट, चार थर. देवापुढं बसायला, जेवायला बसायला उपयोगी पडतं. यात तुमचा हात आणि सुई यांची ओळख होते. बसकर जमिनीवर वापरायचं असल्यामुळे इथं जाड चादरीचा तुकडा पोटात चालतो. टाके सरळ येतात का याची काळजी करू नका, वरचे आणि खालचे टाके साधारण सारख्या लांबीचे येतात का तेवढं उलटून बघत राहा. खालचे टाके फार बारीक येत असतील तर सुई पुरेशी खाली जात नाही आणि आतला एखादा थर सुटतोय.

दुसरं दुपटं. अडीच बाय तीन फूट, तीन थर, तिन्ही अगदी मऊ. ओळखीत कुणाचं बारसं असेल तर मुदतही आपोआप मिळते. दुपट्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे गाठी पोटात लपवणं, कारण बाळाच्या कातडीला बारीक गाठही टोचते. दुसरी म्हणजे सजावट आवरणं. टिकल्या, मणी, गोंडे, घुंगरू काहीही लावू नका, ते निघून तोंडात जातात. आणि दुपटं देताना आईला आवर्जून सांगा की ते खाली अंथरायला किंवा कुणी जवळ असताना गुंडाळायला आहे. तान्हं बाळ झोपलं की सुटं पांघरूण त्याच्या तोंडावर जाऊ शकतं.

तिसरी एकेरी गोधडी, ५ फूट बाय ७ फूट. यापुढचं सगळं हिच्यासाठी सांगते.

दोन साड्यांचा हिशेब

सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच लांब असते. पन्हा साधारण ४५ इंच. आपल्याला तयार माप ६० बाय ८४ इंच हवंय. कडा आत दुमडायला आणि जोडाला अर्धा-अर्धा इंच धरू.

पहिल्या साडीतून ८५ इंचांचे दोन तुकडे कापा. एक वरचा मधला भाग, एक खालचा. दुसऱ्या साडीतून ८५ इंचांचा एक तुकडा कापा आणि त्याच्या लांबीत ९ इंच रुंदीच्या चार पट्ट्या काढा. वरच्या मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी जोडा, खालच्यालाही तसंच. ४५ इंचांतून जोडात दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच गेला की ४४ राहतात. प्रत्येक पट्टीचे साडेआठ राहतात. एकूण ६१. बाहेरच्या कडा अर्धा-अर्धा इंच दुमडल्या की बरोबर ६०.

दुसऱ्या साडीतून ९ इंचांची एक पट्टी उरते, ती तोंडाकडच्या कडेला जास्तीचा थर म्हणून ठेवा. त्याच साडीचा उरलेला १३१ इंचांचा तुकडा पोटात जाईल. पन्हा मोजल्याशिवाय कात्री लावू नका, हातमागाच्या साडीचा पन्हा वेगळा असू शकतो आणि विरलेले भाग कुठं आलेत त्यावर हिशेब हलतो. नऊवारी मिळाली तर सोन्याहून पिवळं, ८ मीटरांहून जास्त कापड हाताशी येतं.

दुहेरी गोधडी पुढं कधी करायची झाली तर साडी मधोमध कापून दोन्ही अर्धी लांबीत जोडा. एका साडीत साधारण सव्वासात बाय नऊ फुटांचा एक थर होतो.

आता थर किती? या मापाचा पातळ सुती साडीचा एक थर पाव किलोच्या थोडा वर भरतो. वर एक, खाली एक आणि पोटात तीन, असे पाच थर म्हणजे सव्वा ते दीड किलो. आपल्या थंडीला हे पुरतं. जुन्या वाकळा याहून कितीतरी जड होत्या, पण त्या धुवायला नदीला पाणी होतं आणि पिळायला चार बायका होत्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या भागात पाण्याची अशी वेळ येते तिथं पाच थरांच्या वर जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे. ओली गोधडी एकट्या बाईला बादलीतून उचलता आली पाहिजे.

पोटात रुई घालावी का, असं कापसाच्या पट्ट्यातली माणसं हमखास विचारतात. रुई घातली की ती रजई होते. ती गरम असते, पण धुतली की रुईचे गोळे होतात, पुन्हा पिंजाऱ्याकडं जावं लागतं. गोधडी कापडाचीच ठेवा.

अंथरणं

इथं घाई करू नका. दुपार मोकळी ठेवा आणि एक माणूस मदतीला बोलवा.

जागा मोकळी, झाडलेली, ओल्या फडक्यानं पुसून वाळलेली हवी. घरात शहाबादी किंवा कुठलीही चौकोनी फरशी असेल तर तिचे सांधे हीच तुमची पट्टी. खालचं कापड उलटी बाजू वर करून टाका आणि त्याची लांबीची कड फरशीच्या सांध्याला लावा. समोरच्या टोकाला मदतीचं माणूस बसवा. "काकू, थोडं तुमच्याकडं ओढा," असं म्हणत दोघींनी एकाच वेळी ओढायचं, आधी उभं, मग आडवं. कोपऱ्यात तिरकं ओढू नका, तिरकं ओढलं की सुती कापड ताणतं आणि चौकोनाचा पतंग होतो. कापड सपाट बसावं एवढाच ताण द्या. तंबोऱ्याच्या तारेसारखं ताणलेलं कापड सोडल्यावर आखडतं. चार कोपऱ्यांवर आणि कडांच्या मधे जड डबे ठेवा.

चौकोन खरा आहे का हे बघायला सुतळी घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग दुसरी तिरपी बाजू. दोन्ही सारखी आली तर चौकोन बरोबर. बोटभर फरक हातानं सरकवून निघतो.

मग पोटातले थर. अखंड तुकडा असेल तर तो आधी. तुकड्यांचा थर असेल तर कडेला कड भिडवून मांडा, वर चढवू नका. एका थरातले जोड जिथं आले असतील, तिथं वरच्या थरात अखंड कापड येऊ द्या. जोडावर जोड आला तर तिथं गोधडी दुमडते आणि आधी फाटते. विरलेला तुकडा दोन धड थरांच्या मधे. पोटातले थर सर्व बाजूंनी बाहेरच्या कापडापेक्षा पाऊण इंच आत ठेवा, म्हणजे कड दुमडताना गठ्ठा होत नाही. प्रत्येक थर टाकल्यावर मधून कडेकडं तळहातानं सारखा करत जा. सुरकुती हाताला डोळ्यांआधी कळते.

तोंडाकडच्या कडेवर जास्तीची पट्टी ठेवा आणि शेवटी वरचं कापड टाका, उजळ बाजू वर. आता डबे सरकवत कच्चा धावदोरा घाला. लांब सुई, कुठलाही वेगळ्या रंगाचा दोरा, दोन-दोन इंचांचे मोठे टाके. मधोमध सुरू करून चारही बाजूंना कडेपर्यंत जा, मग वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या ओळी टाका. नवीन माणसाला हे काम फुकटचं वाटतं, कारण शेवटी ते काढूनच टाकायचं असतं. पण पुढं कित्येक आठवडे ही गोधडी तुम्ही गुंडाळणार, उलगडणार, मांडीवर घेणार. तेवढ्या काळात पाच थर एकमेकांवरून सरकू न देणारी एवढीच गोष्ट आहे.

त्यानंतर कडा. वरचं आणि खालचं कापड अर्धा इंच आत, समोरासमोर दुमडा आणि कडेपासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या अंतरावर टाके घालत पूर्ण फेरी मारा.

सुई, दोरा आणि टाका

दाभण घेऊ नका. ते पोत्यासाठी आणि गादीसाठी असतं, साडीला भोकं पाडतं. अडीच-तीन इंच लांब, बारीक अंगाची पण मोठ्या नेढ्याची सुई हवी. एकाच वेळी तीन-चार टाके तिच्यावर घेता आले पाहिजेत. मधल्या बोटाला शिंप्याचं अंगुस्तान घाला. पहिले दोन दिवस ते नकोसं वाटतं, पण पाच थरांतून सुई ढकलून बोटाला भोक पडलं की काम आठवडाभर थांबतं.

दोरा सुती आणि जाड. सुती रिळावरचा आकडा जितका लहान तितका दोरा जाड. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक घेतात, पण जुन्या मऊ साडीला तो हळूहळू कापतो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड कापलं गेलं तर काही करता येत नाही. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घ्या, गुंता कमी होतो. एका वेळी दोन हातांपेक्षा लांब दोरा ओवू नका. हाताला वाचलं असं वाटतं, पण तो पीळ खातो आणि झिजतो.

गाठ लहान मारा. ओळीपासून इंचभर दूर वरच्या कापडातून सुई आत घाला, ओळीवर बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ पोटात जाते. दोरा संपताना आलेल्या ओळीवरच दोन टाके मागं घ्या आणि टोक थरांमधे सोडून कापा.

टाका पाव इंचापेक्षा थोडा मोठा चालेल. ओळींतलं अंतर जास्त महत्त्वाचं. एक इंच ठेवलं तर या मापाच्या गोधडीत ६० ओळी, म्हणजे सुमारे १२८ मीटर शिवण होते. दीड इंच ठेवलं तर ४० ओळी आणि ८५ मीटर. वरखाली जाण्यात दोरा याहून थोडा जास्त लागतो, तेवढा धरून रिळं आणा, कारण मधेच रंग मिळेनासा होतो. पोटात तुकडे असतील तर एक इंच ठेवा, प्रत्येक तुकड्यावरून निदान दोन ओळी गेल्या पाहिजेत. पोटात अखंड साड्याच असतील तर दीड इंच पुरे, गोधडी मऊही राहते.

जुन्या बायका कडेपासून चौकोनी फेर घेत मधे येत. ते देखणं दिसतं, पण थर नीट टाचलेले नसतील तर सगळा झोळ मधे जमतो आणि शेवटी तिथं फुगा राहतो. पहिल्या गोधडीला मधली उभी ओळ आधी घाला. मग तिच्या एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असं करत कडेकडं जा. झोळ असलाच तर तो बाहेर निघून जातो. फेर दुसऱ्या गोधडीला घ्या.

बसायचं गोधडीवरच, उघड्या फरशीवर. चटईवर सुई काड्यांत अडकते आणि सतरंजीवर खालचं सूतही शिवलं जातं. सुईचं टोक फरशीला टेकल्याचं बोटाला कळलं की लगेच वर उचला, पाचही थर घेतले गेले. उठताना सुया मोजा. रोज मोजा. गोधडीत राहिलेली सुई दिसत नाही आणि त्याच गोधडीवर लेकरं लोळतात.

काम उन्हाळ्यात काढा. कापूस वेचणी, रब्बीची काढणी उरकलेली असते आणि पेरणीला अवकाश असतो. सकाळी ऊन चढायच्या आत बसा, घामट हातांनी सुई सरकते आणि फिक्या कापडावर डाग पडतात.

मशीन असेल तर तिच्यावर मधल्या भागाला पट्ट्या जोडून घ्या, त्यासाठी ती उत्तम. पाच थर एकत्र शिवायचे असतील तर १६ नंबरची सुई लावा आणि टाका सर्वांत मोठा ठेवा. तरीही पायाखाली वरचा थर पुढं ढकलला जातो आणि टीप इतकी घट्ट बसते की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. माझा कौल हाताच्या टाक्याला.

धुणं, ठेवणं, ठिगळ

कच्चा दोरा काढून टाकल्यावर गोधडी एकदा वापरायच्या आधीच धुवा. पाण्यातून निघाली की टाके कापडात बसतात आणि अंग मऊ होतं. गरम पाणी नको. तासभर साबणाच्या किंवा रिठ्याच्या पाण्यात भिजवा, पायानं तुडवा, मोगरीनं बडवू नका. पिळून पीळ देऊ नका, घडी करून दाबून पाणी काढा. एका दोरीवर टांगली तर सगळं पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिच्या ओझ्यानं टाके ताणले जातात, म्हणून दोन दोऱ्यांवर आडवी पसरा किंवा गच्चीवर उलटी बाजू वर करून घाला. पावसाळ्यात धुऊ नका, पोटातला ओलावा राहतो आणि कुबट वास धरतो. घटस्थापनेच्या आधी घरोघर सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतली जातात. पावसाची उघडीप आणि कडक ऊन साधून तेव्हाच धुणं सोयीचं. ठेवताना पूर्ण वाळलेली ठेवा, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि घडी दरवेळी वेगळ्या जागी मोडा.

ठिगळाची वेळ तीन-चार वर्षांत येतेच. कापड विरायला लागलं, जाळी दिसली की तेव्हाच लावा, भोक पडायची वाट बघू नका. विरलेल्या भागापेक्षा सर्व बाजूंनी दोन बोटं मोठा धुतलेला सुती तुकडा घ्या. फार मजबूत नवं कापड लावलं तर ते कडेच्या जुन्या कापडाला ओढून फाडतं, म्हणून ठिगळही जुनेराचंच. कडा आत दुमडा आणि बारीक टाक्यांनी वरच्या कापडाला शिवा. मग गोधडीच्या मूळ ओळी त्या ठिगळावरून, पाचही थरांतून, पुन्हा घाला. ही दुसरी शिवण टाळली तर ठिगळ पहिल्या धुण्यात फुग्यासारखं वर येतं.